तीनशे पौंडांची नोकरी

गेल्या हिवाळ्यात संध्याकाळच्या वर्गात कुणाच्या तरी मोबाइलचा गजर वाजला. मी फळ्यावर प्रमाण विचलनाचं सूत्र लिहीत होते. वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेतल्या त्या धिप्पाड मुलानं घाईघाईनं गजर बंद केला, पाठपिशवीतून एक भलामोठा डबा काढला आणि खायला लागला. थंड पास्ता, त्यात चिकनचे पांढरेफटक तुकडे. वर्गात कुणी खाल्लं तर मला काही वाटत नाही, इथं सगळेच काही ना काही चघळत बसलेले असतात. पण याच्या खाण्याकडं माझं लक्ष जात राहिलं. घास घ्यायचा, चावायचा, पाण्याचा घोट, पुढचा घास. आवडनिवड, घाई, समाधान, तोंडावर कशाचा पत्ता नाही. डबा रिकामा झाला तेव्हा त्यानं एकदा डोळे मिटून श्वास सोडला आणि वही उघडली. वर्ग सुटल्यावर दाराशी मी सहज विचारलं, ‘‘जेवायला वेळ मिळत नाही का रे?’’ तो ओशाळून हसला. म्हणाला, ‘‘वेळ मिळतो, प्रोफेसर. भूक नाही लागत. खरी भूक शेवटची कधी लागली होती, तेच आठवत नाही.’’

हे वाक्य काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

अमेरिकेतल्या आयोवा सिटीत राहायचं आणि अमेरिकन फुटबॉलपासून लांब राहायचं, हे मी बरीच वर्षं जमवलं होतं. शरद ऋतूतल्या शनिवारी सगळं गाव काळ्यापिवळ्या कपड्यांत बाहेर पडतं, गाड्यांच्या मागं शेगड्या पेटतात, पोर्कच्या धुरानं आमच्या गल्लीतले वाळत घातलेले कपडेसुद्धा वासाचे होतात. किनिक स्टेडियममध्ये सत्तर हजारांच्या आसपास माणसं बसतात आणि तिथला गलका घरात बसून ऐकू येतो, त्यामुळं कोण जिंकतंय ते टीव्ही न लावताही कळतं. तेवढाच माझा संबंध. हा मुलगा ‘ओ-लाइन’मध्ये आहे, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, हे मला वर्गातल्या इतर मुलांकडून कळलं. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही हातांना गार्ड, कडेला टॅकल, असे पाच जण. सेंटर चेंडू मागं सरकवतो तेवढाच, बाकीच्यांचा चेंडूशी संबंध येत नाही. समोरून अंगावर येणाऱ्यांना क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यापर्यंत, पोचू द्यायचं नाही, नाहीतर धावणाऱ्याला वाट करून द्यायची, हे त्यांचं काम. त्यांचं नाव लाउडस्पीकरवर ऐकू येतं ते बहुधा चूक झाल्यावर. कुणाचा तरी शर्ट धरला किंवा वेळेआधी हलला, की सत्तर हजार लोकांसमोर त्याचा नंबर पुकारला जातो.

मी संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळं पहिली खोड आकड्यांची. अशा संघांची यादी उघडी असते, कुणीही पाहावी. उंची, वजन, गाव, वर्ष. मी संपूर्ण संघाच्या वजनांचा आलेख काढला तर त्याला दोन कुबडं आली. एक दोनशे पौंडांच्या आसपास, पसरट. दुसरं तीनशेच्या पुढं, अरुंद आणि टोकदार. मोठ्या विद्यापीठांच्या ओ-लाइनमधला ठरावीक मुलगा सहा फूट चार ते सहा इंच उंच आणि तीनशे ते तीनशे वीस पौंड वजनाचा असतो. आपल्या मापात सांगायचं तर १९६ सेंटिमीटर आणि १४० किलो. सेंटर थोडा बुटका चालतो, टॅकल उंच आणि लांब हातांचा लागतो, कारण कडेनं वळसा घालून येणाऱ्या चपळ गड्याला त्याला हातभर अंतरावरच अडवायचं असतं. एवढा फरक सोडला तर सगळे एका मापाचे. वीस वर्षांची मुलं कुठंही सहज गोळा केली तर अशी एकसारखी निघणार नाहीत. उंची निवडून घ्यावी लागते, ती कुणाला वाढवता येत नाही. वजन मात्र करता येतं. पुष्कळ मुलं येतात तेव्हा अडीचशे-पावणेतीनशेचीच असतात, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांचं तीनशे दहा करायचं असतं. आणखी एक गंमत म्हणजे अनेक कॉलेजांच्या याद्यांत ही वजनं शून्य नाहीतर पाचवर संपतात. वजनकाटा इतका व्यवस्थितपणे वागत नाही. यादीतलं वजन कॉलेजच देतं, आणि ते प्रतिस्पर्धीही वाचत असतात.

या मापाच्या मुलाचा बीएमआय काढला तर छत्तीस-सदतीस येतो. आपल्याकडच्या कुठल्याही डॉक्टरनं कागद बाजूला ठेवून आधी चष्म्यावरून पाहिलं असतं. पण त्या आकड्याला या मुलांबद्दल काही म्हणता म्हणजे काही कळत नाही. ट्रिस्टन वर्फ्स हा इथूनच अर्ध्या तासावरच्या माउंट व्हर्नन गावचा. आयोवाकडून खेळला आणि व्यावसायिक संघांच्या २०२०च्या खेळाडू-निवडीत पहिल्याच फेरीत टँपा बेच्या संघात गेला. निवडीआधीच्या शारीरिक चाचणीत, ३२० पौंड वजन घेऊन, तो जागच्या जागी साडेछत्तीस इंच उंच उडाला. पोहण्याच्या तलावातल्या पाण्यात उभा राहून त्यानं एका उडीत काठ गाठल्याचा व्हिडिओ मी कितीतरी वेळा पाहिलाय. पाणी त्याच्याबरोबर वर येतं, मग तो काठावर असतो आणि पाणी खाली पडतं. हे शरीर जाडं आहे म्हणावं तर ते खोटं, आणि जाडं नाही म्हणावं तर तेही खोटं.

स्टेडियमच्या उत्तरेकडच्या प्रवेशाजवळ भिंतीवर एक मोठं उठावशिल्प आहे. ड्यूक स्लेटर. १९१८ ते १९२१ या काळात इथं टॅकल खेळलेला कृष्णवर्णीय खेळाडू, पुढं शिकागोत न्यायाधीश झाला. शाळेत असताना बूट आणि हेल्मेट दोन्ही घ्यायची घरची ऐपत नव्हती म्हणून त्यानं बुटांवर भागवलं, असं सांगतात. १९२१ मध्ये नोत्र दाम विद्यापीठाला हरवलं त्या सामन्यातलं चित्र तिथं आहे, बोडक्या डोक्यानं एकटा स्लेटर समोरच्यांच्या घोळक्याला रेटतोय. त्या काळी त्याच्या देहाचा दरारा होता. वजन किती, तर २१५ पौंड, म्हणजे शंभर किलोच्या आतच. आता मैदानालाही त्याचंच नाव आहे, आणि त्या मैदानावरच्या ओ-लाइनमध्ये एवढ्या वजनाच्या माणसाला कुणी उभं करणार नाही. १९३९चा संघ तर ‘आयर्नमेन’ म्हणून ओळखला जातो. त्यातले काही जण सामन्याची साठच्या साठ मिनिटं मैदानातच असत, चढाईलाही तेच आणि बचावालाही तेच. त्यांतल्याच नाइल किनिकचं, ज्याचं नाव स्टेडियमला आहे त्याचं, वजन १७० पौंड होतं. तासभर पळायचं तर माणूस पळण्याच्याच बेताचा असावा लागतो.

मग बदललं काय? अन्न बदललं, लोखंडी वजनं उचलणं आलं, हे तर खरंच. पण मला सगळ्यात जास्त पटलेलं कारण अगदी कारकुनी आहे. खेळाडू बदलण्याचा नियम. युद्धकाळात तो सैल झाला, १९५३ मध्ये पुन्हा आवळला आणि १९६५ मध्ये कायमचा सुटला. चढाईला एक फळी, बचावाला दुसरी. आता टॅकलला पाच-सहा सेकंद जिवाच्या आकांतानं ढकलायचं असतं, मग अर्धं मिनिट दम खायचा, पुन्हा पाच-सहा सेकंद. त्यात पुढं हात लांब करून ढकलायची मुभा मिळाली. मग वजनाला भाव चढला. १९८५ मध्ये शिकागो बेअर्सच्या विल्यम पेरीला तीनशे पौंडांपलीकडच्या वजनापायी ‘रेफ्रिजरेटर’ म्हणत, आणि साऱ्या देशाला त्याचं कौतुक होतं. आज त्याच्या मापाची पाच-सात मुलं आमच्या विद्यापीठाच्या एका भोजनगृहात एका टेबलावर सापडतात. २०२२ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या डॅनियल फालेलेचं वजन चाचणीत ३८४ पौंड भरलं, म्हणजे १७४ किलो. मेलबर्नहून आलेला हा मुलगा अमेरिकेत येईपर्यंत हा खेळ खेळलेलाही नव्हता. इतक्या मोठ्या मापाचं शरीर आहे, खेळ शिकवता येईल, असा हिशेब.

माझं सगळं बालपण सांगलीत गेलं, त्यामुळं कमावलेलं शरीर मला नवं नाही. मामा तालमीत जायचा. पहाटे जोर-बैठका, मग हौद्यात उतरायचं. त्या लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घातलेलं असायचं आणि तो आंबूस वास मामाच्या टॉवेलला कायमचा बसला होता. आजी रात्री बदाम भिजत घालायची, सकाळी एकेक सोलून पाट्यावर वाटायची. मामासाठी तुपाची बरणी वेगळी, तिला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही. खुराक घरादाराला परवडायचा नाही, पण त्याबद्दल कुरकुर केलेली मी कुणाकडून ऐकली नाही. मामा जेवायला बसला की आजी समोर बसून बघायची. तिला ते बघण्यातच सुख होतं. आणि मामा खायचा तेव्हा त्याला भूक असायची, ही गोष्ट आता मला फार महत्त्वाची वाटते. दोन हजार बैठका मारून आलेला माणूस भाकरीवर तुटून पडायचा.

आयोवाही कुस्तीचंच राज्य. इथल्या दुकानात, बँकेत, चर्चमध्ये फुटलेल्या कानांचे पुरुष दिसतात आणि मला क्षणभर गणपती पेठेत उभं असल्यासारखं वाटतं. वर्फ्सही शाळेत कुस्ती खेळायचा. पण कुस्तीत सगळ्यात वरच्या गटालाही छत आहे. शाळेत आणि कॉलेजात २८५ पौंड, म्हणजे १२९ किलो. त्याच्या आत यायला वर्फ्सनं तीसेक पौंड उतरवले, राज्यविजेता झाला आणि मग फुटबॉलसाठी तेवढे सगळे पुन्हा चढवले. म्हणजे माझ्या वर्गातल्या त्या मुलाला अमेरिकेतल्या कॉलेजात हेवीवेट कुस्तीसुद्धा खेळता येणार नाही, तो तिथं बसतच नाही. कुस्ती माणसाला कुठंतरी ‘पुरे’ म्हणते. ओ-लाइनला असा काही आकडा नाही. शेजारच्या विद्यापीठाची फळी सरासरी पाच पौंडांनी वाढली की आपलीही वाढवायची. मग तिकडची पुन्हा वाढते.

खाण्याच्या बाबतीत कॉलेज क्रीडासंघटनेचे म्हणजे एनसीएएचे नियम वाचताना मला हसू आवरेना. कॉलेजनं खेळाडूला काय खायला द्यावं यावर इतकी बंधनं होती की बेगल दिला तर चालायचा, त्यावर क्रीम चीज लावलं की तो अल्पोपाहार न राहता जेवणात धरला जायचा. हौशी खेळाडू ना, मग त्याला फुकटचं लोणी कसं लावायचं! या खेळातून विद्यापीठं कोट्यवधी डॉलर कमवत होती तेव्हाची ही गोष्ट. २०१४ मध्ये बास्केटबॉलच्या शबाझ नेपियरनं कधीकधी आपण उपाशीपोटी झोपतो असं उघड सांगितलं, बोभाटा झाला आणि त्याच महिन्यात अमर्याद जेवणखाणाला परवानगी मिळाली. तेव्हापासून आहारतज्ज्ञ, स्मूदीचे यंत्रवाले, वजनाचे तक्ते. माझ्या विद्यार्थ्यानं पुढं एकदा त्याचा दिवस सांगितला. उठल्याउठल्या अंडी आणि ओट्स, व्यायामानंतर शेक, दोन दुपारची जेवणं, गजर लावून मधली खाणी, रात्री झोपण्यापूर्वी पीनट बटरची दोन सँडविचेस. परीक्षेच्या आठवड्यात त्याचं वजन चार पौंड घटलं तर वर बोलावणं आलं. तो तक्रार करत नव्हता. ‘‘दॅट्स द जॉब,’’ म्हणाला. खांदे उडवले तेव्हा खुर्ची करकरली. आमच्या वर्गातल्या हाताला टेबल जोडलेल्या खुर्चीत तो मावत नाही, त्याच्यासाठी मी मागं एक साधी खुर्ची ठेवून घेतलीय.

जॉबच म्हणायचा तर पगाराचं काय, हा प्रश्न २०२१ पर्यंत विचारायचाही नाही असा होता. त्या वर्षी खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवायची मोकळीक मिळाली, २०२५ पासून तर विद्यापीठंही थेट वाटा देऊ लागली. पण व्यावसायिक संघात पोचणारे शंभरात दोनही नसतात. बाकीचे बावीस-तेविसाव्या वर्षी ते शरीर घेऊन बाहेर पडतात आणि विमा कंपनीत, शाळेत, शेतावर कामाला लागतात. रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं, गुडघे. लाइनमधल्या मुलांचा रक्तदाब कॉलेजच्या पहिल्या हंगामातच चढलेला डॉक्टरांना आढळलाय.

आणि काही जण तिथवरही पोचत नाहीत. जॉर्डन मॅकनेअर हा मेरीलँड विद्यापीठाचा लाइनमधला मुलगा, वय १९. मे २०१८ च्या अखेरीस सरावात पुन्हापुन्हा धावताना त्याला उष्माघात झाला. मोठ्या देहातली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, वजनाच्या मानानं कातडी कमी पडते. अशा वेळी बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवणं हा साधा, ठाऊक असलेला उपाय आहे. तो झाला नाही. दोन आठवड्यांनी तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. त्याआधी २००१ मध्ये कोरी स्ट्रिंगर हा व्यावसायिक खेळाडू असाच सरावात उष्माघात होऊन गेला होता, आणि उष्माघातावर काम करणारी त्याच्या नावाची संस्थाही कनेक्टिकट विद्यापीठात तेव्हा उभी होती. आमच्या आयोवातही जानेवारी २०११ मध्ये अतिव्यायामानं स्नायू विरघळून तेरा खेळाडू रुग्णालयात दाखल झाले होते. हे सगळं वाचलेल्या रात्री मी ठरवलं की आता स्टेडियमकडं फिरकायचं नाही.

फिरकले. शेजारच्या काकांनी तिकीट आणलं होतं. काका म्हणजे सत्तरीकडं झुकलेले, आयोवातल्याच एका छोट्या कॉलेजात डावे गार्ड होते. ‘‘चेंडूकडं बघू नकोस,’’ त्यांनी बजावलं, ‘‘त्या पाचांचे पाय बघ.’’ मी बघत राहिले. प्रत्येकाच्या दोन्ही गुडघ्यांना लोखंडी पट्ट्यांचे ब्रेस. बोटांना चिकटपट्ट्या, थंडीत उघडे दंड आणि त्यांतून निघणारी वाफ. सेंटरनं चेंडू मागं दिला आणि पाचही जण एका ठेक्यात तिरके मागं सरकले, एवढी मोठी शरीरं आणि पाऊल इतकं हलकं की गवत दुखावू नये. मग समोरची फळी येऊन आदळली. तो आवाज टीव्हीवर येत नाही. पोत्यावर पोतं टाकल्यासारखा, पण खालून वर येणारा, आपल्या बसायच्या फळीतून जाणवणारा. क्वार्टरबॅक पडला की त्याला उठवायला हेच पाच हात पुढं. मी टाळ्या वाजवत होते. काका शिट्ट्या मारत होते.

मला त्यांतल्या त्यात वेस्ट पॉइंटच्या मुलांची गोष्ट आवडते. सैनिकी अकादमीत फुटबॉल खेळायचा म्हणजे पुढं लष्करी अधिकारी व्हायचं, आणि लष्कराला वजनाचे स्वतःचे नियम आहेत. शेवटचा सामना झाला की लाइनमधली अखेरच्या वर्षाची मुलं कमिशन मिळण्याआधी वजन उतरवायला लागतात. २०२४ मध्ये देशातल्या सर्वोत्तम ओ-लाइनचा ‘जो मूर’ पुरस्कार याच संघानं जिंकला, मोठमोठ्या विद्यापीठांच्या नाकावर टिच्चून. चषकाचं वजन ८०० पौंड. तो देणाऱ्यांनाही मोह आवरला नाही, असं दिसतं. व्यावसायिक खेळाडूंचंही तसंच. जो थॉमस हा शेजारच्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचा टॅकल क्लीव्हलंडकडून एकही न चुकवता सलग १०,३६३ चाली खेळला, २०१८ मध्ये थांबला आणि पाहतापाहता पन्नासेक पौंड उतरला. नव्या फोटोत तो सडसडीत, देखणा, कुणीतरी भलताच दिसतो. अकरा वर्षं खाणं चालू ठेवावं लागलं तेव्हा ते दुसरं शरीर टिकलं होतं. खाणं थांबलं आणि ते निघून गेलं.

मामाच्या बाबतीत उलटं झालं. तालीम सुटली, खुराक सुटला नाही. पन्नाशीत त्याला मधुमेह निघाला, आणि तरीही लग्नकार्यात कुणी ‘अंग कसं कमावलेलं आहे बघा’ म्हटलं की तो सदऱ्याच्या बाह्या किंचित वर सारायचा. त्याचं काय गेलं आणि काय राहिलं, याचा हिशेब मला मांडता येत नाही. माझ्या विद्यार्थ्याचाही येत नाही. सत्र संपताना मी त्याला विचारलं होतं, हे सगळं संपल्यावर काय करणार? मला वाटलं तो पदवीचं, नोकरीचं काही सांगेल. ‘‘ब्रेकफास्ट चुकवणार,’’ म्हणाला.

एप्रिलमध्ये काकांकडं बेसनाचे लाडू घेऊन गेले होते. दोन्ही गुडघे बदललेले, उशाशी श्वासाचं यंत्र, त्यामुळं त्यांनी अर्धाच मोडून घेतला आणि उरलेला बायकोच्या नजरेसमोर परत डब्यात ठेवला. तासभर त्यांनी मला या खेळानं शरीराचं कसं वाटोळं होतं ते सांगितलं. त्यांच्या काळी २६० पौंडांचा गार्ड म्हणजे राक्षस गणला जायचा, रोज दुधाचा कॅन संपवावा लागायचा, अजून दूध बघितलं की मळमळतं, आपल्या नातवाला आपण हे करू देणार नाही. मग फोनवर नव्या हंगामाची यादी आली. त्यांनी चष्मा लावला, बोट खाली खाली सरकवत नेलं आणि डाव्या गार्डपाशी थांबले.

‘‘दोनशे अठ्ठ्याऐंशी?’’ ते ओरडले. ‘‘या पोराला कुणी जेवायला घालतं की नाही?’’